यमुनाअक्काच्या मळ्यातल्या पिशव्या

यमुनाअक्का खिचडी वाढण्याआधी प्रत्येक पोराचे हात हुंगायची. चोपड्याकडच्या तापीकाठच्या आमच्या शाळेत ती पोषण आहार शिजवायची. हात नुसतेच पाण्यात बुचकळून आलेला पोरगा तिच्या नाकातून सुटत नसे. "साबन नई लावा. जाय, धुई ये!" म्हणून ती त्याला परत पिटाळायची. साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांचेही हात तिने हुंगले होते. साहेब मुकाट्याने नळावर गेले.

मी त्या शाळेत नवा शिक्षक, जळगावचा, उत्साहाने फसफसलेला. आमच्या भागात केळीच्या घडांना कापणीपर्यंत प्लास्टिकच्या पातळ पिशव्या घालतात. कापणी झाली की त्या बांधावर तशाच पडतात आणि वाऱ्याने उडत तापीपर्यंत जातात. त्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीने प्लास्टिकमुक्तीचा दिवस ठरवला आणि पोरांना कामाला लावायचे माझ्याकडे आले. मी जाहीर करून टाकले, जो वर्ग सर्वांत मोठा ढीग करील तो फेरीत पुढे झेंडा घेऊन चालेल. अक्का तिथेच तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "पोऱ्या आते घरना बादल्या बी आनतीन." मी हसण्यावारी नेले.

पाचवीचा ढीग सर्वांत मोठा झाला. सरपंचांनी भाषणात माझे नाव घेतले, टाळ्या पडल्या. मी हार सावरत होतो तेवढ्यात अक्काने ढिगातली एक पिशवी उचलली. पिशवीच्या तोंडाला जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधलेली होती. घडाला अशी चिंधी गावात अक्का एकटीच बांधायची. भांडी उचलायला हवीत असे सांगून तिने पाचवीची पोरे घेतली आणि मलाही खुणेने बोलावले.

तिच्या मळ्यात जाऊन पाहतो तर चार ओळींतले घड उघडे. पिशव्या ओरबाडून काढलेल्या, परत घालण्याजोगी एकही नव्हती. कापणी महिन्यावर आलेली आणि थंडी अशी की सकाळी तोंडातून वाफ निघायची. त्या थंडीने उघडा घड काळा पडतो. त्याला चरका म्हणतात, आणि चरका लागलेल्या घडाला व्यापारी हात लावत नाही. वर्षाची मेहनत झाडावर तशीच राहते.

"मन्हाच मळा कसाले?" अक्काने विचारले.

पायल नावाची पोर रडत रडत म्हणाली, "अक्का, तू रागे नई भरस. म्हनीसन आम्ही तुन्हाच मळामा उनूत."

अक्का बांधावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसली. डोळे मात्र भरले होते. मग उठून म्हणाली, "रडू नका आते. सुका पाला आना. पलास्टिक नव्हतं तव्हय हाऊच पाला बांधूत आम्ही." केळीचा वाळलेला पाला घडाभोवती कसा गुंडाळायचा, सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीने, कसा बांधायचा, हे तिने पोरांना दाखवले. मीही बांधत होतो. माझी गाठ सुटायची, तिची नाही. जवळ येऊन ती हळूच म्हणाली, "गुरुजी, तुम्ही जास्ती आना सांगं. कोठून आना, ते सांगं नई. मी बी तठेच व्हतू, माले बी सुचनं नई."

ऊन कलताना तिचा मुलगा देविदास आला आणि बघून भडकला. "हाई कोनी कयं?"

पोरे जागच्या जागी थिजली. अक्का शांतपणे म्हणाली, "मीच पोऱ्यासले काढाले सांगं. पलास्टिक नको म्हने कार्यक्रमले."

त्याने माझ्याकडे पाहिले. मी सांगायला हवे होते. माझ्या गळ्यात अजून तो हार होता आणि मी मान खाली घालून पाल्याची गाठ आवळत राहिलो. तो पाय आपटत निघून गेला.

शेवटच्या ओळीला पाला पुरला नाही. त्या घडांना चरका लागला. अक्काने त्याचा उल्लेखही माझ्यापाशी केला नाही. पुढच्या वर्षीपासून मी स्पर्धा बंद केली. कापणी झालेले मळे वर्गांना वाटून दिले, आणि काय उचलायचे, कशाला हात लावायचा नाही हे अक्का बांधावर उभी राहून सांगायची. गाव खरेच स्वच्छ दिसू लागले, कौतुक माझे झाले. खरे सांगून टाकावे असे कितीदा मनात आले. पण एकदा टाळले की पुढचे टाळणे सोपे होते.

नंतर माझी धुळ्याला बदली झाली. गेल्या वर्षी अक्का गेल्याचे कळले आणि मी दारावर बसायला गेलो. देविदासने पाणी दिले. मी तांब्या खाली ठेवला आणि सगळे सांगितले. चूक माझी होती, पोरांची नाही, अक्काची तर नाहीच.



"माले त्याच दिन समजनं व्हतं, गुरुजी," तो म्हणाला. "मायनी सांगेल व्हतं, गुरुजी सोता सांगतीन, तवलगून कोनी ईषय काढानं नई. दर साल ती तुम्हनी वाट देखे."