माफीचा अर्ज आणि शिळं पाणी

मी अत्यंत नियमाचा माणूस आहे, आणि माझ्या घराचं पाणी माझ्याच सहीनं तुटलं.

त्या उन्हाळ्यात मारुंजीतल्या आमच्या सोसायटीला सकाळी जेमतेम अर्धा तास पाणी यायचं. आणि नेमक्या त्याच अर्ध्या तासात आमच्या विंगच्या मागच्या पाइपातून भसाभसा पाणी गटारात! माझं डोकंच फिरलं. टँकरवाल्याच्या विनवण्या करून आमचा घसा सुकतोय, आणि हे कोण नवाब लागून गेले? मी पाणी समितीचा अध्यक्ष. तडक नोटीस लावली: पाणी वाया घालवणाऱ्याचा व्हॉल्व्ह बंद! माफीचा लेखी अर्ज मंजूर झाला तरच चालू! (सही: अस्मादिक.)

पहिल्या सापडल्या शेजारच्या देसाईबाई, स्कूटर धुताना. त्यांचा अर्ज मी दोनदा परत पाठवला. शेरा मारला, 'भाषा पुरेशी नम्र नाही.' तिसऱ्यांदा कुठं मंजूर केला. आमचे नेरे गावचे वॉचमन नामदेवमामा तो कागद घेऊन जिने चढून चढून वैतागले.

मग रविवार उजाडला. अकराला मुलीला बघायला सांगलीहून पाहुणे येणार, तिला स्वतःला आवडलेलं पहिलंच स्थळ, आणि नळाला थेंब नाही! मी तणतणत खाली गेलो.

"मामा, पाणी कुठाय?"

"तुमचं बंद केलंय सायेब."

"माझं? अध्यक्षाचं?"

"पाइपातनं जात व्हतं ते तुमच्याच घरचं हाय. डोळ्यानं बघितलं मी."

"अहो, आज पाहुणे यायचेत!"

"नोटिशीत पावन्यांचं काय लिवलेलं न्हाई."

वर आलो तर आई (वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अठराचा) रिकामा हंडा घेऊन नळाशी उभी.

"आई, भरलेलं पाणी कुठं गेलं?"

"ओतलं. रोजच ओतते. नळ आल्यावर कालचं शिळं कोण ठेवतं घरात?"

"सगळं?"

"हंडा, कळशी, दोन्ही पिंपं. पाहुण्यांना काय शिळं पाजायचं?"

पावणेअकराला मी देसाईबाईंच्या दारात, हातात रिकामी कळशी! बाई गोड हसल्या. "कालचं आहे हं. चालेल?"

त्याच शिळ्या पाण्याचा चहा झाला. मुलाचे वडील म्हणाले, "वा, पाण्याला चव आहे हो तुमच्याकडं!" आईनं मान खाली घातली. पोरगी आत तोंडात ओढणी कोंबून हसत होती. होकार मात्र तिथल्या तिथं आला.

पाहुणे गेल्यावर मी अध्यक्षांना, म्हणजे मलाच, माफीचा अर्ज लिहिला आणि लगोलग मंजूरही केला. नामदेवमामांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि माझ्या हातात परत दिला.

"सायेब, भाषा नम्र न्हाई."

शेवटी अर्ज देसाईबाईंकडून लिहून घेतला, तेव्हा कुठं आमच्या नळाला पाणी आलं!