जाळीपलीकडचे आप्पा

माझ्या वर्गातली मुलं मला काका म्हणतात. वय बघता त्यांचं चुकत नाही, पण राग येतो. लातूरच्या ज्या कला महाविद्यालयात मी शिकतो, तिथे चित्र काढायला एक लाकडी बाक असतो. त्यावर घोड्यावर बसल्यासारखं बसायचं आणि पुढच्या उभ्या फळीला कागद टेकवायचा. त्या बाकाला डाँकी म्हणतात. बाकीचे घोड्यावरून पुढे निघून गेले आणि माझ्या वाट्याला गाढव आलं, असं मी पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलाला म्हणालो. तो खळखळून हसला. पुढे त्याला माझ्याबद्दल कुठून तरी कळलं. तेव्हापासून तो माझ्या बोलण्यावर फार जपून हसतो, आणि त्याची डाँकी थोडी लांब सरकली आहे.

मी तुरुंगातून सुटून इथे आलो. बांधावरून भांडण झालं, त्यात एक माणूस गेला आणि काठी माझ्या हातात होती. बाकीचं कोर्टात सांगून झालं आहे. खटला चालला ती सगळी वर्षं मी नांदेडच्या तुरुंगात होतो. शिक्षा लागली तोवर ती बरीचशी भोगूनच झाली होती.

आत मी चित्रं काढायचो. कुणी आपल्या लेकराचा फोटो आणून द्यायचा. मी त्यावर पेन्सिलीने चौकोन पाडायचो, तेवढेच चौकोन मोठ्या कागदावर पाडायचो आणि एकेक चौकोन भरत चेहरा उतरवायचो. दांडगी दांडगी माणसं ते कागद उशाशी घेऊन झोपायची. आपण मोठे कलाकार आहोत असं मला वाटू लागलं होतं.

माझे वडील, म्हणजे आप्पा, वारले तेव्हा मी आतच होतो. शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावातून निघालेली बातमी माझ्यापर्यंत पोचली, तेव्हा राख सावडून झाली होती. सुटून घरी गेलो तर भिंतीवर त्यांचा फोटो नाही. होता तो मायने धान्याच्या कोठीमागे उलटा करून ठेवला होता. आधार कार्डावरचाच स्टुडिओवाल्याने मोठा करून दिलेला. त्यात आप्पा माझ्यापेक्षा मोठे गुन्हेगार दिसत होते. दुसरा फोटो नव्हताच. मी आत गेल्यापासून ते लग्नकार्याला जाईनासे झाले होते, आणि कुणी मोबाइल वर धरला की उठून जायचे. भावकीतल्या एकाच्या मोबाइलमध्ये त्यांची पाठ तेवढी सापडली.

"तुला चित्र काढाया येतंय म्हणं," माय म्हणाली. "मग तूच काढ त्यांना. मला भिंतीवर माझा माणूस पाहिजे."

मी हो म्हणालो आणि कागद घेऊन बसलो. काही येईना. समोर फोटो नाही, तर चौकोन पाडायचे कशावर? तेव्हा कळलं की मला चित्र येतच नाही, मला नक्कल येते. म्हणून मी लातूरला आलो. लोकांना वाटतं, शाळेत चित्रकलेचा मास्तर व्हायला आला. तुरुंगात जाऊन आलेल्याला शाळेत कोण उभं करणार, हे मला प्रवेश घेतानाच ठाऊक होतं. मला एकच माणूस काढायचा होता.

वर्गात समोर बसायला अडत बाजारातला एक म्हातारा हमाल यायचा. त्याला बघून सगळे चेहरा काढायचे. एकदा सर माझ्यामागे येऊन उभे राहिले. माझ्या कागदावर डोळा सुरेख होता, नाक चांगलं होतं, हनुवटीला तर तोड नव्हती, आणि सगळं मिळून कुणीच नव्हतं.

"माणूस असा तुकड्या-तुकड्यानं का बघून राहिलास तू?" सर म्हणाले.

वर्गातली मुलं गेल्यावर मी सरांना सांगितलं. नांदेडला भेटीच्या खोलीत दोन जाळ्या होत्या. एक आमच्या बाजूला, एक भेटायला आलेल्यांच्या बाजूला, आणि मध्ये हातभर अंतर, बोटाला बोट लागू नये म्हणून. एका जाळीतून दुसऱ्या जाळीत बघितलं की माणूस सलग दिसत नाही. मान डावीकडे केली की डोळा दिसतो, खाली वाकलं की ओठ. दोन्ही बाजूंनी सगळे एकदम ओरडत असतात, त्यामुळे आवाज पोचला नाही तर ओठच बघावे लागतात. आप्पा येत राहिले ती सगळी वर्षं मी त्यांना असंच बघितलं.

ते पहाटेच्या एसटीने निघून अहमदपूर, लोहा करत यायचे. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी नीट बसवलेली, गाल गुळगुळीत. वेळ संपत आली की ओरडून सांगायचे, "मी बरा हाय. माय बरी हाय. तू काळजी नको करू." त्यांच्या त्या टापटिपीकडे बघून मला धीर यायचा. माझ्या हातून जे झालं त्याने आप्पांचं काही मोडलं नाही, या एका समजुतीवर मी आतली वर्षं काढली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. कीव केली नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून डोळे बारीक करून बघ. अर्धे मिट. बारीकसारीक निघून जातं, उजेड आणि अंधार राहतो. आधी तेवढाच काढ."

हे शिकायला मला जवळजवळ वर्ष लागलं. हमाल हळूहळू कागदावर सलग येऊ लागला. मग एका रविवारी दुपारी खोलीत मी कोळशाची कांडी घेतली, डोळे अर्धे मिटले आणि भेटीची खोली आठवली. आधी जाळीच दिसली. तशीच बघत राहिलो तेव्हा ती विरघळत गेली आणि पलीकडे आप्पा उभे होते, अख्खे. सदऱ्याची कॉलर, टोपी, गुळगुळीत गाल, ताठ मान. मी रडत रडत काढलं. आप्पा वारल्याचं कळलं तेव्हाही मी असा रडलो नव्हतो.

दिवाळीच्या सुट्टीत ते चित्र गुंडाळून गावी नेलं. मायने पदराला हात पुसले आणि कागद दारातल्या उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

"कोण हायत हे?" ती म्हणाली.

"आप्पा."

ती पुन्हा बघू लागली. मग उंबऱ्यावर बसली. "असे ते तुझ्याकडं यायच्या दिवशी दिसायचे," ती म्हणाली. "आदल्या दिवशी दाढी करून यायचे. पहाटं सदरा घालून आरसा मागायचे. परत आले की सदरा घडी करून पेटीत ठेवायचे, पुढच्या खेपंला. आन् भिंतीकडं तोंड करून पडायचे. एरवी गालाला वस्तरा न्हाई, डोक्याला तेल न्हाई. जेव म्हणलं तर जेवायचे. बोलणं तर बंदच झालं होतं."

"मला म्हणायचे, बरा हाय."

"तुला म्हणायचे."

तिने कागद माझ्यापुढे ठेवला. "दाढी घाल," ती म्हणाली. "हा तुझा हाय. मला माझा पाहिजे."

मी चिंधी घेतली. आधी कॉलर पुसली, मग टोपी. माय शेजारी बसून सांगत होती आणि मी काढत होतो. गाल आत घे. अजून आत. दाढी इथवर. डोळे असे न्हाईत, ते खाली बघायचे. मान सोड त्यांची. एवढ्या वर्षांत मी शिकलो नव्हतो एवढं त्या दुपारी उंबऱ्यावर शिकलो, आणि हात थांबावा असं प्रत्येक रेघेला वाटत होतं.

"हाव," शेवटी ती म्हणाली. "आता आले."

चौकट करून तो चेहरा आता कोठीवरच्या भिंतीवर लावला आहे. माय रोज त्याला फूल वाहते आणि येईल त्या माणसाला सांगते की लेकानं हुबेहूब काढलेत. सुट्टीत गेलो की मी त्याच्याच खाली जेवायला बसतो, पण मान वर करत नाही. नांदेडला मला भेटायला यायचे ते आप्पा मी माझ्याच हाताने पुसले, आणि हा म्हातारा माझ्यामुळे असा झाला तरी मी त्याला एकदाही बघितलं नव्हतं.