खांबावरच्या डब्याची पूजा

कारेगावच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. आमच्याकडे दोन माणसांच्या उंचीएवढ्या लांब सळ्या येतात. त्या मशीनपर्यंत न्यायच्या तर पुढे एक बाई, मागे एक बाई आणि मध्ये लोखंडी ढकलगाडी. वळणावर पुढची थांबायची, मागचीला कळायचं नाही आणि गाडी पुढचीच्या टाचेवर. म्हणून बॅटरीवरच्या दोन गाड्यांची चाचणी मी मागे लागून मंजूर करून घेतली.

या गाड्यांना चालक नाही. सळ्यांचं एक टोक एकीवर, दुसरं दुसरीवर. मध्ये तारही नाही. खांबावर उंच बसवलेल्या वायफायच्या डब्यामार्फत त्या एकमेकींना सतत कळवतात: मी वळतेय, तू हळू हो. निरोप पोचला नाही तर दोघी जागीच थांबतात. आठवडाभर मी ते पाहत होते आणि दर फेरीला नव्याने हरखत होते. आम्हाला इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते यांना पहिल्या दिवशी जमलं होतं.

चाचणीचा शेवटचा दिवस नेमका खंडेनवमीचा. दुपारी तीनला साहेब बघणार होते. सळ्या न अडखळता पोचल्या तर गाड्या राहणार, नाहीतर परत जाणार आणि आमच्या बायका पुन्हा ढकलगाडीला.

सकाळी पूजा केली. गाड्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. एकजण म्हणाली, सगळं काम तर तो वरचा डबा करतो, त्यालाच कोरडा कशाला ठेवायचा? मला पटलं. शिडीवर चढून मीच त्याला कुंकू लावलं आणि चंदेरी चमकीच्या कागदात चारी बाजूंनी मढवलं.

तीनला गाड्या निघाल्या. खांबाजवळ ठीक होत्या, पण लांबच्या वळणावर दोघी थांबल्या. पुन्हा सुरू केल्या, पुन्हा थांबल्या. गाड्यांच्या कंपनीचा, दौंडहून आलेला इंजिनिअर लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

आमच्याकडे माल उतरवायला एक मामा आहेत, कवठे येमाईचे. लॅपटॉपशी त्यांना काही देणंघेणं नाही. ते म्हणाले, "बाई, काल चालत हुत्या न्हवं? मग काल न्हवतं आन् आज हाय, असं काय ते बघा."

मी वर पाहिलं. डबा लखलखत होता.

"मामा, शिडी धरा."

"धरतो की. तुम्हीच नटवलाय, तुम्हीच उतरवा."

इंजिनिअरने मान वर केली आणि कपाळावर हात मारला. चमकीच्या कागदाला धातूचा पातळ थर असतो, त्याने बऱ्याचशा लहरी आतच अडवल्या होत्या, उरलेल्या लांबवर पोचत नव्हत्या. मी कागद ओरबाडून काढला. कुंकू राहू दिलं.

गाड्या निघाल्या. वळणावर पुढची हळू झाली, त्याच क्षणी मागचीही. सळ्या जराही न डुलता कोपऱ्यावरून वळल्या. माझ्या अंगावर काटा आला. शिडीवरून उतरायचंही राहून गेलं. साहेब गाड्यांमागून थेट मशीनपर्यंत चालत गेले आणि परत येऊन म्हणाले, "राहू द्या इथंच."

आम्हाला घरी नेणारी शिरूरची बस सुटायला अजून दहा मिनिटं होती. तेवढ्यात आम्ही गाड्यांना आणखी दोनदा फिरवून आणलं, रिकाम्याच.