भोचक आत्या आणि कोरे ताव

माझ्या आत्याला अख्खं घर भोचक म्हणायचं. म्हणोत बापडे. ती छापखान्यात बांधणी खात्यात होती. छापलेल्या मोठमोठ्या तावांच्या घड्या घालायच्या, पानं जुळवायची. तिथला नियम एकच: घडी घाला, वाचू नका. वाचणारीचे हात मंदावतात, असं मुकादमाचं म्हणणं. आत्याचे कधी मंदावले नाहीत. घडी घातल्यावर सरळ यावीत म्हणून तावावर अर्धी पानं उलटी छापलेली असतात, तीसुद्धा ती घडी घालता घालता वाचायची.

त्या वर्षी शब्दकोशाचं काम आलं आणि बाई हरखून गेली. एका दुपारी तिच्या तावावर 'जिज्ञासा' हा शब्द आला. अर्थ दिला होता, जाणून घेण्याची इच्छा. मूळ संस्कृत धातू 'ज्ञा', म्हणजे जाणणे. तिथे मात्र तिचे हात थांबले, आणि नेमका मुकादम मागे उभा. त्याने सगळ्यांदेखत सुनावलं की भोचकपणा घरी करायचा, इथे नाही.

आत्याने ताव त्याच्यापुढे धरला. "यात इच्छा लिहिलंय, साहेब, खोड नाही लिहिलं. मुलाला असली की जिज्ञासा आणि आम्हा बायकांना असली की भोचकपणा, हे कुठल्या पानावर आहे तेवढं दाखवा."

पण अधिकार मुकादमाचा. त्याने तिला कोपऱ्यातल्या टेबलावर कोऱ्या वह्यांच्या कामाला बसवलं. वाचायला एक अक्षर नाही! माझे बाबा, तिचे सख्खे भाऊ, म्हणाले, माफी माग आणि मोकळी हो. ती म्हणाली, माफी कसली, मी काय चोरी केली? तिला धास्ती एकच होती: कोश छापून संपेल आणि उरलेले शब्द आपले वाचायचे राहून जातील.

मग तिने काय करावं? कोपऱ्यातूनच शेजारणीला विचारलं, तुझ्या तावावर काय आहे गं? त्या बाईने जन्मात ताव वाचला नव्हता. तिने अडखळत वाचलं. मग पलीकडचीने वाचलं. हळूहळू खातंभर शब्द फिरू लागले, आणि हात कुणाचेच थांबले नाहीत.

एकदा मुकादम तणतणत आला. कोण वाचतंय, म्हणून ओरडला.

"मी," शेजारीण म्हणाली. "मी," पलीकडची म्हणाली. मग तिच्या मागची, मग खिडकीजवळची.

मुकादम कोपऱ्याकडे बघत राहिला. कोऱ्या वह्यांचं टेबल एकच होतं.