पाठ फिरवून खाऊ ओळखणे

भुलाबाईची, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याची, गाणी संपली की खाऊ ओळखायचा असतो. ज्या घरी गाणी, त्या घरची बाई झाकलेला डबा हलवते आणि आवाजावरून मुली आतला पदार्थ सांगतात. देऊळगाव राजातल्या आमच्या गल्लीत त्या वर्षी सर्वांत जास्त वेळा माझी मुलगी जिंकत होती. तिला नुकतीच चार वर्षे पूर्ण झाली होती. मला तिचा अभिमान होता.

पाचव्या संध्याकाळी शेजारच्या काकू वैतागल्या. "हे पोट्टी माह्या तोंडाकडे पाहून सांगते. आज समद्याजणी पाठ करून बसा वं!"

मुली वळून बसल्या. डबा खडखडला.

"मुरमुरे!"

"नाई वं, फुटाणे!"

माझी मुलगी शेजारी बसलेल्या मुलीच्या ओठांकडे पाहत होती. सगळ्यांच्या मागून तीही ओरडली, "फुटाणे!"

मी ओट्यावर बसून वर्तमानपत्राला पाठवायची बातमी मोबाइलवर तपासत होतो. ती बातमी उशिरा गेली.

पुढचे आठ दिवस मी घरात एका जागी बसलो नाही. तिच्या मागे उभे राहून टाळी वाजवली; वळली नाही. स्वयंपाकघरात ताट पाडले, वळली. दुसऱ्या दिवशी टाळीलाही वळली, पण तेव्हा माझी सावली तिच्यापुढे फरशीवर पडली होती. प्रत्येक प्रयोग वहीत लिहीत गेलो.

"काऊन तिच्या मागं लागले तुम्ही?" बायको म्हणाली. "खेळात असली की पोरं आयकत नाहीत."

ती ऐकत नाही अशी तक्रार बालवाडीच्या बाई करत, तेव्हा मीही त्यांना हेच उत्तर देत आलो होतो.

बुलढाण्याच्या दवाखान्यात तपासणी म्हणजेही खेळच निघाला. कानांवर हेडफोन, हातात लाकडी मणी. आवाज आला की मणी टोपलीत टाकायचा. पहिले सहा मणी अचूक पडले.

"पाहा, म्हणत होते ना मी!" बायको म्हणाली.

तपासणाऱ्या ताई थांबल्या. "बटण दाबताना माझा खांदा हलतो. ती तो पाहते. लय चलाख हाय." त्यांनी मुलीची खुर्ची भिंतीकडे वळवली.

आम्हाला हेडफोनमधला आवाज येत नव्हता. बटण दाबणारे बोट तेवढे दिसत होते. मी मोजत राहिलो. अकरा वेळा बोट दाबले गेले. मुलगी मणी धरून पाय हलवत बसली होती. बाराव्या वेळी तिने मणी टाकला आणि मागे वळून हसली.

ताईंनी कागदावर पहिली खूण केली. खुणेपुढचा आकडा, म्हणजे तिला ऐकू यायला लागलेला आवाज, मोठा होता. मुलीने पुढचा मणी उचलला.