वारा आला की खिडकी उघडणारी अक्का

आमची अक्का गेली.

वादळात नाही. वादळं थांबल्यावर.

माझी थोरली बहीण. जन्म मद्रासचा, म्हातारपण अमेरिकेत, ओक्लाहोमाला मुलाकडे. यंदा तिथे वावटळी सुटल्या. घरं उचलून नेणाऱ्या. एक दिवस नाही, रोज.

तिथली संध्याकाळ म्हणजे इथली माझी सकाळच्या कॉफीची वेळ. फोन मांडीवर, कॉफी गार.

तिच्या मुलाला, राघूला, विचारलं, "रोज रोज काय रे हे?"

"मावशी, खालून समुद्राची ओली हवा येते. वर पश्चिमेची कोरडी हवा झाकणासारखी बसते. दिवसभर कोंडतं, संध्याकाळी झाकण उडतं. त्याच्याही वरचा वारा जोराचा, दुसऱ्याच दिशेचा, म्हणून ढग गरगरतो. आणि सगळं एका जागी अडकलंय."

"मग ढकला की पुढं!"

"आकाश आहे मावशी, शेअर ऑटो नाही."

अक्काचं तर वेगळंच. दक्षिणेचा दमट वारा सुटला की ही घरभर खिडक्या उघडायची!

इथे मद्रासला, वेलचेरीत, मे महिन्याच्या अंग भाजणाऱ्या कत्तरी उन्हात आपण दुपारभर समुद्राच्या वाऱ्याची वाट बघतो. तो आला की जीवात जीव येतो.

तिथे तो आला की सायरन.

"अक्का, लाव ती खिडकी. शेल्टरमध्ये उतर."

"गुडघे दुखतात गं. आणि जमिनीखाली वारा नाही."

"वारा नको म्हणूनच उतरायचं, म्हातारे!"

"तू लहान आहेस. मला शिकवू नको."

लहान! माझ्या तोंडात एक दात धड नाही.

शिव्या घातल्या तेव्हा उतरली. रोज शिव्या, रोज उतरली. खाली फोन लागायचा नाही. मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालायची.

सून म्हणायची, "अम्मा, बसा हो."

बसून काय होतं?

मग एकदाचा वारा फिरला. उत्तरेची थंड, कोरडी हवा आली, अडकलेलं सुटलं. राघूचा मेसेज आला, आकाश क्लिअर. त्या दिवशी मी कॉफी गरम प्यायले.

दुसऱ्या दिवशी अक्का खुर्चीत बसल्या बसल्या झोपेतच गेली. खिडकी उघडी होती म्हणे.

एवढ्या वावटळींतून ओरडून ओरडून वाचवली, आणि ही बाई मला न विचारता गेली.

फोनवर हात जोडलेली चित्रं पाठवू नका मला.

आज दुपारी समुद्राचा वारा सुटला. पश्चिमेला ढग काळे झालेत, गडगडतंय. सून खिडकी लावायला उठली.

म्हटलं, "राहू दे."

वारा आलाय, अक्का.

जा आता. ओरडत नाही.