वरातीसाठी मांगून खाल्लेल्या गोळ्या

दवाई-गोळीतलं मले जेवढं समजते तेवढं आमच्या मोहल्ल्यात कोनालेच समजत नाई. फक्त सकाळची कोनती आन रातची कोनती, हे बायकोले इचारा लागते.

माह्या छातीत, हृदयाच्या नसीत, स्प्रिंग टाकेल हाये, म्हून रक्त पातळ ठेवाची गोळी चालू हाये. सारं बरं चाललं होतं. पन अकोल्याले भाच्याचं लग्न ठरलं आन नेमकी माही कंबर धरली. मी मामा. वरातीत नाचला नाई तं तो मामा कायचा?

आमच्या परतवाड्यात लोकं इरजन मांगाव तशी गोळी मांगतेत. समोरच्या वहिनीनं कैचीनं गोळ्यायचा पत्ता कापून तुकडा हातात देल्ला, गोळीचं नाव उरल्या पत्त्यावरच राह्यलं. "याच्यानं माही सासू उठून चालाले लागली, भाऊजी," म्हने. मांगच्या गल्लीतल्या मास्तरनं लाल गोळी देल्ली, पानठेल्यावाल्यानं पांढरी. कोनाचं मन काहून मोडाव? मी साऱ्यायच्या खाल्ल्या. कंबर अशी मोकळी झाली का आंगनात नाचून पाह्यलं. मंग दात घासतानी रक्त याले लागलं, आन काई न लागता हातावर निळे डाग.

बायकोनं धरून अमरावतीले डाक्टरीन मॅडमकडं नेलं. एसटीत मी तिले बजावलं, "तू चूप राह्यजो."

मॅडमनं इचारलं, "काका, दुखण्याची काही गोळी खाता का?"

"छे! पन एका शेजाऱ्याचं इचाराचं होतं. त्याची रक्त पातळ ठेवाची गोळी चालू हाये. वरतून कंबरेची खाल्ली तं जमते का?"

"त्यांच्याही हातावर असे निळे डाग आहेत का?"

मी बाही खाली ओढली.

"संडास काळा होतो का त्यांना?"

"होते ना, डांबरावानी! म्हंजे... तो म्हनत होता."

बायकोनं पिशवी उचलली आन सारे कापेल पत्ते टेबलावर उपडे केले. मॅडमनं उरलीसुरली अक्षरं लावून पाह्यली. रंग अलग, पन साऱ्या एकाच जातीच्या, दुखनं थांबवाच्याच निंगाल्या.

"काका, तुमच्या छातीच्या गोळीनं रक्त लवकर थांबत नाही, आणि या गोळ्या पोट सोलतात. आतल्या आत रक्त वाहून राहिलं तुमचं. लग्न सोडा, जीव गेला असता."

तिथंच भरती केलं. रक्त तपासलं तं कमी भरलं. नळी घालून पोट पाह्यलं, आत जखम. सलाइन लावली. मंग मॅडम खाटेपाशी आल्या आन समजावून सांगतलं: उसन्या गोळ्या बंद. दुखन्यासाठी मॅडम देतीन तीच साधी गोळी, तेही सांगतली तेवढीच. कंबरेले शेक. छातीची गोळी आपल्या मनानं बंद कराची नाई. आन कोनी अमृत देल्लं तरी आधी इचाराचं.

मी सलाइनवाल्या हातासकट हात जोडले. "सारं मंजूर, मॅडम. पन वरातीत थोडंसं नाचता येईन ना?"

बायको बोलली, "मॅडम, नाईच म्हना. मांगच्या लग्नात हे नाचले तं बँडवाल्यानं बाजा बंद केला. त्याले वाटलं, मानसाले झटका आला."